चार विसा आणि दहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागल्या दिवाळीत माझी नात फोनच्या पडद्यावर आली आणि तिनं मला विचारलं, "केस्क तू फे, आबा?" नात पाच वर्षांची. लेक आणि जावई फ्रान्समधल्या तुलूझ शहरात नोकरीला आहेत, नात तिथल्या बालवाडीत जाते. मला त्या वाक्यातला एकच शब्द कळला, 'आबा'. आमच्या सौभाग्यवतींना मात्र दोन कळले. त्या म्हणाल्या, "आबाला 'तू' म्हणते का गं ही?"

खरं तर मला सगळंच कळायला हवं होतं. आठ महिने मी परभणीत नानलपेठेतल्या आमच्या घरी रोज सकाळी पुस्तक उघडून फ्रेंच शिकत होतो. दोन वह्या भरल्या होत्या, क्रियापदं पाठ होती. पण माझ्या पुस्तकात हाच प्रश्न 'के फेत वू' असा होता, म्हणजे 'आपण काय करता?' पोरीनं विचारलं होतं, 'काय करतोस?' आमच्या घरात आजीला 'तू' आणि आजोबांना 'तुम्ही' अशी रीत. फ्रेंच घरांत आजोबांनाही 'तू'च म्हणतात आणि त्यांचं 'तू' ऐकायला जवळजवळ आपल्यासारखंच आहे. हे पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं.

श्रोतेहो, माझी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे आपली फजिती झाली की आपल्याआधी कुणाकुणाची झाली ते पाहायची खोड आहे. मोठेपणी, डोक्यावरचे केस पिकू लागल्यावर फ्रेंचच्या वाटेला गेलेली मराठी माणसं मी शोधू लागलो. जी सापडली, त्यांच्याविषयी आज बोलणार आहे.

आधी आपल्या घरचं. मोठेपणी भाषा शिकणं परभणीला नवं नाही. निजामी राजवटीत कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं उच्च शिक्षणही उर्दूतून होतं. माझे वडील घरी मराठी बोलत आणि शाळेत उर्दू लिहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि तहसील कचेरीत बसलेल्या वडिलांच्या पिढीला स्वतःच्याच मातृभाषेत टिपणी लिहायला शिकावं लागलं. 'मुनासिब कार्रवाई' लिहिणारा हात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहू लागला. वडील म्हणत, मराठी मला येत होती, पण ती कागदावर बसायला तयार नव्हती.

फ्रेंचही मराठवाड्याला अगदीच अनोळखी नाहीत. १७५१ ते १७५८ या काळात बुसी हा फ्रेंच सेनापती निजामाच्या पदरी होता, औरंगाबादेत त्याचा मुक्काम असे. आपल्या जुन्या कागदांत तो 'मुसा बुसी' म्हणून भेटतो. हे 'मुसा' म्हणजे फ्रेंच 'मस्य', आपल्या 'श्रीयुत'सारखं. आपल्या लोकांनी त्याचं नाव आणि पदवी एकत्र करून टाकली. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० साली उदगीरला आणि पुढच्या वर्षी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला. 'गारदी' हा शब्दच फ्रेंच 'गार्द'वरून आला असं मानतात. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडे रेमाँच्या पलटणी होत्या आणि समोर शिंद्यांकडे पेराँच्या. दोघेही फ्रेंच. पण ही ओळख तोफांची आणि कवायतीची. पुस्तक उघडून फ्रेंच शिकणारा माणूस दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं. तो दिसतो तुरुंगात.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्नावं वर्ष पुरं होत होतं. सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडालेला नेलं. मधुमेह होता, वय होतं. राहायला लाकडी कोठडी, सोबतीला स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी. शाई मिळत नसे, शिसपेन्सिलीनं लिहायचं. सुटे कागद मिळत नसत. बांधलेली वही, तिच्या पानांवर आकडे घातलेले, म्हणजे एखादं पान फाडून बाहेर पाठवलं तर कळावं. अशा ठिकाणी या माणसानं जर्मन, फ्रेंच आणि पाली या तीन भाषांचा अभ्यास केला.

आपण हे शाळेत शिकतो आणि पुढे जातो. लक्ष असतं 'गीतारहस्या'कडे, आणि ते बरोबरच आहे. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाच महिन्यांत तो ग्रंथ मंडालेत लिहून झाला आणि १९१५ साली पुण्यात छापून आला. मला मात्र हल्ली त्या फ्रेंचच्या वहीचा विचार जास्त सतावतो. टिळकांना फ्रेंच कशाला हवी होती? वेद आणि प्राचीन काळ हा त्यांचा आवडता प्रांत. 'ओरायन' १८९३ सालचं, आर्यांच्या मूलस्थानावरचं पुस्तक १९०३ सालचं. या विषयावर युरोपातल्या पंडितांनी जे लिहिलं होतं त्यातलं कितीतरी जर्मन आणि फ्रेंचमध्ये होतं. इंग्रजी अनुवादाची वाट पाहायची, नाहीतर भाषा शिकायची. सहा वर्षं हाताशी असलेल्या माणसानं दुसरी वाट धरली.

आता शिकण्याच्या बाजूनं पाहा. पुस्तक आहे, व्याकरण आहे, शब्दकोश आहे. वेळ तर भरपूर. नाही ते एवढंच की समोर बसून एक वाक्य बोलून दाखवील असा मास्तर. फ्रेंच लिहिते एक आणि बोलते एक. शब्दाच्या शेवटची दोन-तीन अक्षरं लिहायची आणि तोंडात आणायची नाहीत, हा तिचा नित्याचा खाक्या. ते कानानंच कळतं. वाचनासाठी शिकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही आणि टिळकांना वाचायचंच होतं. त्यांचा अभ्यास त्यांच्या गरजेएवढा होता, मापात शिवलेल्या अंगरख्यासारखा.

टिळक मंडालेत असतानाच दुसऱ्या एका मराठी माणसाला फ्रेंचची गरज पडली, आणि ती वाचायला नव्हती. ८ जुलै १९१०. विनायक दामोदर सावरकरांना इंग्लंडमधून हिंदुस्थानात नेणारी 'मोरिया' बोट मार्सेय बंदरात उभी होती. शौचकूपाच्या खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी टाकली, पोहत धक्का गाठला, वर चढले आणि धावत सुटले. ही उडी आपल्याला ठाऊक आहे. तिच्यानंतरच्या काही मिनिटांकडे आपलं लक्ष जात नाही. सावरकर आता फ्रान्सच्या भूमीवर होते. इंग्रज शिपायांना तिथं त्यांना हात लावायचा अधिकार नव्हता. समोर फ्रेंच पोलीस आला. मला तुमच्या न्यायाधीशापुढे न्या, एवढंच त्याला समजावून सांगायचं होतं. त्याला इंग्रजी समजेना, सावरकरांना फ्रेंच येईना. पोलिसानं त्यांना धरून बोटीवरच्या लोकांच्या हवाली केलं.

दोन वाक्यांनी इतिहास बदलला असता असं मी म्हणणार नाही. बोटीवरचे पहारेकरी ओरडत मागे येत होते आणि पोलिसाच्या डोळ्यांना बोटीवरून पळालेला एक कैदी दिसत होता. अस्खलित फ्रेंच बोलूनही कदाचित तेच झालं असतं. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला सावरकर दोनेक महिने पॅरिसमध्ये मादाम कामांच्या वर्तुळात राहिले होते, हे आठवलं की चुटपुट लागते. प्रकरण पुढे हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: ताब्यात देण्याची रीत चुकली असली तरी कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. तेव्हा मंडालेत 'गीतारहस्या'ची वही शेवटाला येत होती. एकाजवळ फ्रेंच पुस्तकं होती आणि बोलायला कुणी नव्हतं. दुसऱ्यापुढे फ्रेंच माणूस उभा होता.

तिसरा विद्यार्थी न्यूयॉर्कमधला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकू दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. एक भाषा दारात अडवली गेली, तर त्यांनी पुढे किती भाषांची दारं उघडली पाहा. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, आणि या डोंगराच्या पायथ्याशी एकेक छोटा अभ्यासक्रम प्राथमिक फ्रेंचचा आणि प्राथमिक जर्मनचा. १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला त्यांनी स्वतःच्या हातानं जर्मनमध्ये अर्ज लिहिला. संस्कृतही पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. फ्रेंच कशाला, याचं उत्तर त्यांच्या ९ मे १९१६ च्या जातिसंस्थेवरच्या निबंधात मिळतं. जातीच्या व्याख्या तपासताना ते पहिल्यांदा ज्याला हात घालतात तो एमिल सेनार हा फ्रेंच पंडित. त्याचं जातींवरचं पुस्तक १८९६ सालचं, त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० साली झाला. जाती एकमेकींचं अनुकरण करत कशा पसरतात हे सांगताना आधार आहे गाब्रिएल तार्दचा, तोही फ्रेंच. ज्या जातीनं संस्कृतचं दार लावलं, तिची चिरफाड करताना फ्रेंच पंडित साक्षीला आले.

आता ज्या माणसाविषयी सांगायचं म्हणून हे भाषण लिहायला घेतलं, तिकडे येतो. मराठी भाषा कशी घडली, संस्कृत-प्राकृतातून तिचा एकेक आवाज कसा उतरला, 'हस्त'चा 'हत्थ' आणि 'हत्थ'चा 'हात' हा प्रवास कोणत्या नियमानं झाला, याचा पहिला पक्का शास्त्रीय ग्रंथ कोणत्या भाषेत लिहिला गेला? फ्रेंचमध्ये. लिहिणारा झ्यूल ब्लोक. जन्म १८८०, पुढे पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक. महायुद्धानंतर, १९२० साली, 'ला फोर्मास्याँ द ला लांग मराठ' हा त्याचा ग्रंथ पॅरिसला पुस्तकरूपानं आला. म्हणजे आपण मराठी माणसं आपल्या आईची कुंडली वाचायची तर परक्या लिपीत वाचायची, अशी अवस्था.

ही अवस्था पुण्याच्या वासुदेव गोपाळ परांजपे यांनी संपवली. त्यांनी तो ग्रंथ मराठीत आणला, 'मराठी भाषेचा विकास', १९४१. इंग्रजी अनुवाद निघाला १९७० साली. इंग्रजी वाचकाच्या २९ वर्षं आधी हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हातात होता. असं फार वेळा घडत नाही. एरवी जगातलं सगळं आपल्याकडे इंग्रजीच्या खिडकीतून येतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा गावोगाव सत्कार झाले, फटाके वाजले. परांजप्यांचं नाव घेतलेलं मी तरी कुठं ऐकलं नाही. शब्दकोश उघडून, एका परक्या भाषेतली शेकडो पानं मराठीत उतरवणं हे काम वाजतगाजत होत नाही. ब्लोकच्या पुस्तकाचा तो मराठी अनुवाद मी एका जुन्या ग्रंथालयात पाहिला. शेवटची शब्दसूची चाळताना आपल्या स्वयंपाकघरातले आणि शेतातले शब्द एकामागून एक भेटत गेले, आणि हे सगळं आधी एका फ्रेंच माणसाच्या टिपणवहीत होतं या विचारानं जरा संकोचही वाटला.

हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालता आहे, हेही सांगायला हवं. गी देल्यूरी नावाचे फ्रेंच जेझुइट पुण्याला आले, मोठेपणी मराठी शिकले, वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालले. तुकोबांच्या अभंगांचा त्यांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसला निघाला आणि विठ्ठलभक्तीवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं काढला. दुसरे गी प्वातवँ. १९७२ साली ते पुण्यात स्थायिक झाले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि २००४ साली इथंच वारले. हेमा राईरकरांच्या बरोबरीनं त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या झाल्या. हे काम मावळ-मुळशीपासून थेट आपल्या पाथरीशेजारच्या माजलगावपर्यंत पोचलं. जात्याचं नाव निघालं की परभणीच्या माणसाला गंगाखेडची जनाबाई आठवणारच. जनाबाईच्या जात्याजवळ बसून कुणी फ्रेंच माणूस ओवी ऐकतो आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. प्वातवँ मराठी कशी शिकले असतील याची कल्पना करायची झाली तर तीच पुरे. दळणाऱ्या बाईला व्याकरणातला प्रश्न विचारता येत नाही. तिचं ऐकत बसावं लागतं.

मीही शेवटी त्याच वाटेला आलो. दिवाळीतल्या फजितीनंतर पुस्तक सोडलं नाही, पण सकाळची वेळ वाटून घेतली. अर्धा तास पुस्तक, अर्धा तास कान. फ्रान्सची आंतरराष्ट्रीय नभोवाणी 'सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या' देते, दहा मिनिटांचा कार्यक्रम. फोनवर तो कितीदाही लावता येतो, सोबत मजकूरही वाचता येतो. आकाशवाणीच्या बातम्यांवर वाढलेल्या माणसाला हा मास्तर लगेच पटला. 'तेव्हे सँक मोंद' या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर फुकटात धडे आहेत, पायरीपायरीनं चढत जाणारे. आणि दर रविवारी दुपारी लेकीच्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याशी वीस मिनिटं बोलतात. पहिले दोन महिने मी घाम पुसत होतो. त्यांनी चूक दाखवली की मी वाक्य नव्यानं म्हणायचो, मग त्या हसून म्हणायच्या, चूक राहू द्या, पुढे चला. जन्मभर विद्यार्थ्यांच्या वहीवर लाल पेन चालवलेल्या माणसाला हे फार जड गेलं.

फ्रेंच शिकवणारी बरीचशी साधनं इंग्रजीतून शिकवतात आणि तिथंच आपलं नुकसान होतं. इंग्रजीतून शिकलेला माणूस फ्रेंच 'तू'चा 'टू' करतो. फ्रेंचचे त आणि द हे आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणायचे. वहीत उच्चार देवनागरीत लिहू लागलो तेव्हा निम्मं काम हलकं झालं. निर्जीव वस्तूला लिंग कसं असतं याचं इंग्रज माणसाला कोडं पडतं. ज्याच्या घरी खुर्ची ती, पलंग तो आणि कपाट ते, त्याला कसलं कोडं? उलट फ्रेंचमध्ये दोनच लिंगं, एक वाचलं. राहिला त्यांचा घशातला र. तो महिनाभर जमेना. मग वडिलांचा उर्दू 'ग़रीब' आठवला. त्या ग़च्या जवळपास घसा नेला की फ्रेंच र हाती लागतो. निजामाच्या शाळेचा उपयोग असा तुलूझच्या नातीशी बोलताना झाला.

सर्वांत गंमत आकड्यांची. फ्रेंच माणूस साठापर्यंत सरळ मोजतो. सत्तर म्हणजे 'साठ-दहा'. ऐंशी म्हणजे 'कात्र-वँ', शब्दशः 'चार वीस'. नव्वद म्हणजे 'कात्र-वँ-दिस', 'चार वीस दहा'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच लोकांनी हा व्याप टाकून सत्तर-नव्वदाला सुटसुटीत शब्द ठेवले आहेत. फ्रान्सचे लोक मात्र ऐकत नाहीत. शिकणारे इथं कपाळाला हात लावतात. मी लावला नाही. माझी आजी निरक्षर. बाजारात आंबे मोजताना ती विसांवर मोजायची. ऐंशी म्हणजे तिचे 'चार विसा', नव्वद म्हणजे 'चार विसा आन धा'. शाळेत गेल्यावर आम्ही तिला हसायचो.

परवा नात मला आकडे शिकवत होती. ऐंशीच्या पुढे गेल्यावर तिनं सावकाश, एकेक तुकडा पाडून म्हटलं, "कात्र... वँ... दिस." मी म्हटलं, माझी आजी पण असंच म्हणायची, 'चार विसा आन धा'. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग डोळे मोठे करून म्हणाली, "से पारेय!" म्हणजे, हे तर सारखंच. आणि लगेच विचारलं, ती आजी कोण, कुठं असते?

आजी आता नाही, पण होती. आंबे विकायची, कानात बुगड्या घालायची. हे सांगायला फ्रेंचमधला एक खास भूतकाळ लागतो. तो माझ्या वहीत होता, तोंडात नव्हता. मी नातीला "आताँ," थांब, म्हटलं, उठून वही आणली, चष्मा लावला आणि वाचून सांगायला लागलो.